खातं क्रमांक ४१२७

आधी नक्कल, मग उपचार.
पहिल्याच वर्षी एका दंतवैद्याचे सगळे रुग्ण
माझ्या हातून पुसले गेले, तेव्हापासून पाळते.
म्हणून काल रात्रभर त्सिआलाच्या दुकानात
मिठाच्या पोत्यावर बसून
एका डिस्कमधून दुसरीत जाणारे आकडे पाहिले.
जुनी मधेच टकटक करायची,
आत कुणी नाही हे कळूनही
दारातून न हलणाऱ्या पाहुण्यासारखी.

चियातुरात वीज सांगून जात नाही.
मंगळवारी गेली ती हिशोबाच्या मधोमध.
आली तेव्हा पडदा काळा, त्यावर एकच ओळ:
फाइल सिस्टिममध्ये दोष आहेत. हाताने तपासा.

उधारीची वही संगणकात उतरवली ती आंझोरने,
त्सिआलाच्या नवऱ्याने. गिऱ्हाइकागणिक एक फाइल.
गिऱ्हाइकं खाणीतली;
पगार उशिरा, भूक वेळेवर.
परवाच्या हिवाळ्यात आंझोर गेला.
फाइली राहिल्या.

सकाळी तपासणी लावली.
"सगळ्यालाच एकदम हो म्हणायची सोय आहे," मी म्हटलं.
"कशाला? विचारू दे की एकेक,"
आणि चष्मा पुसून ती खुर्ची ओढून बसली.

*वार्लाम: नाव आहे, मागे काहीच नाही. काढून टाकू?*
वार्लाम पोलंडला गेला. आधी पैसे यायचे,
मग फोन, मग काहीच नाही.
"ऐंशी लारी," ती म्हणाली. "पाठ आहेत मला."
जरा थांबून: "टाक काढून. पाठ आहेत म्हटलं ना."

*झुझुना आणि लमारा: एकाच जागेवर दोघींचा दावा.*
जावा जावा, सात वर्षं तोंड बघत नाहीत एकमेकींचं,
आणि इथे डिस्कच्या एका चिमटीत
हिची साखर तिच्या साबणात कालवलेली.
*वेगळ्या प्रती करू?*
"कर बाई. नाहीतर दोघीही म्हणतील, माझं नव्हेच."

मग ते आलं.
*क्रमांक ४१२७. नाव नाही. कुठल्याच फोल्डरला बांधलेलं नाही.
हरवले-सापडलेमध्ये ठेवू?*
हो म्हटलं. तसं एक फोल्डर या जातीच्या डिस्कवर असतंच,
बहुतेकांचं जन्मभर रिकामं राहतं.

नकलेतून उघडून वाचून दाखवलं:
केसाच्या पिना, एक पाकीट.
साखर तीन किलो, जर्दाळूच्या मुरंब्यासाठी.
सुलुगुनी चीज, कड तुटलेलं, अर्ध्या भावात.
मेणबत्त्या दोन.
राखाडी लोकर, सहा गुंड्या.
पुन्हा राखाडी लोकर, दोन. कमी पडली असावी.
अकरा वर्षं. जमेच्या बाजूला एकही आकडा नाही.

"कोण असेल?" मी विचारलं. "मोठी थकबाकी आहे."

ती काहीच बोलली नाही.
बाहेर कुणीतरी पाव मागितला,
तिने बसल्या जागेवरून हातानेच थांब म्हटलं.
"लोकर," ती म्हणाली.
"त्याचाच स्वेटर होता तो.
त्याच्याच स्वेटरची लोकर माझ्या नावावर लिहिली."
आणि पडद्याकडे बघून, अगदी हळू:
"मेल्या."

मशीनला यातलं काय ठाऊक. त्याने पुढचं विचारलं:
*४१२७: धरणारे दोन मोजलेत, असायला हवा एक. दुरुस्त करू?*

मी बोट उचललं होतं.
तिने माझं मनगट धरलं.
"नाही म्हणायचं बटण कुठलं?"
दाखवलं. तिने ते स्वतः दाबलं,
पिठाचा ठसा उमटला त्यावर.

त्यामुळे शेवटी जो शब्द यायला हवा, 'स्वच्छ', तो आला नाही.
*दोष शिल्लक आहेत*, एवढं बोलून तपासणी संपली.
खिडकीच्या काचेवर खाणीची काळी पूड होतीच,
ती इथे कुणी रोज पुसत नाही.

फाइलला नाव दिलं: त्सिआला.
नव्या डिस्कवर सगळं चालू झालं,
तो एक दोष सांभाळून.
मजुरीचं विचारलं तर गल्ला न उघडताच म्हणाली,
"लिहून ठेव. आता आहे की माझं खातं."